“येथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं !”

“आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत पाहण्यासारखें असें आहे तरी काय ?” हा प्रश्न आमच्याकडे प्रश्न म्हणून विचारला जात नाहीं, तो निकाल म्हणून ऐकविला जातो. आणि निकाल देणारे कोणी मुंबई-पुण्याचे पाहुणे नसतात. ते असतात शहाद्याचे वकील, नंदुरबारचे डॉक्टर, तळोद्याचे मुख्याध्यापक आणि म्हसावदला ज्यांच्या केळीच्या बागा आहेत असे पदवीधर शेतकरी. ह्यांच्यापैकीं ज्यांचीं मुलें विलायतेंत नोकरीस आहेत ते उन्हाळ्यांत तिकडे जाऊन येतात, आणि पुढें दोन-तीन महिने येणाऱ्याजाणाऱ्यास इंग्लंडांतील एखाद्या परगण्याचे पडके किल्ले, जुनीं प्रार्थनामंदिरें व कवींचीं घरें मोबाइलच्या पडद्यावर दाखवीत असतात. त्यांच्या हौसेविषयीं माझी तक्रार नाहीं. परदेशांतील जुन्या वास्तूंपुढें विनम्र होणारा मनुष्य मला घरीं बसून नाक मुरडणाऱ्यापेक्षां केव्हांहि अधिक प्रिय आहे. माझें भांडण आहे तें त्या निकालाशीं. तो खोटा आहे. आणि खोटा आहे एवढेंच नव्हे, तर तो देणाऱ्याच्याच अंगावर उलटणारा आहे.

उदाहरण म्हणून डॉर्सेट हा एकच परगणा घेऊं. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनांत ज्याचा जन्म गेला त्यास डॉर्सेट टाळतां येत नाहीं. टॉमस हार्डी १८४० सालीं तेथल्या एका खेड्यांत जन्मला, आणि त्याच्या कादंबऱ्यांतील कॅस्टरब्रिज म्हणजे त्या परगण्याचें मुख्य ठिकाण डॉर्चेस्टर. आमच्या खानदेशांतील महाविद्यालयांत असे विद्यार्थी मीं पाहिले आहेत कीं, ज्यांना कॅस्टरब्रिजचा बाजार कोठें भरे, शहराबाहेरचें रोमन क्रीडांगण कोणत्या बाजूस आहे, हें परीक्षेपुरतें कां होईना पण बिनचूक सांगतां येतें. मात्र प्रकाशें येथें तापी आणि गोमाई ह्यांच्या संगमावर जें पांढरीचें टेकाड आहे त्याच्या पोटांत काय निघालें, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

बरें, ह्या डॉर्सेटमध्यें तरी डोळे दिपविणारें असें काय आहे ? तो कांहीं राजवैभवाचा परगणा नव्हे. मेंढ्या, गहूं आणि चुनखडीच्या टेकड्या ह्यांवर जगणारा तो मुलूख. त्याच्या शेतमजुरांची स्थिति इतकी हलाखीची कीं, हार्डीनें १८८३ सालीं त्यांच्यावर एक स्वतंत्र निबंध लिहिला. तेथला कॉर्फचा किल्ला १६४६ मध्यें पार्लमेंटच्या सैन्यानें सुरुंग लावून उडविला. आज उभ्या आहेत त्या कलंडलेल्या भिंती. ‘मेडन कॅसल’ हें नांव ऐकून जो बुरूज आणि दरवाजे पाहण्याच्या आशेनें जाईल त्याची निराशाच व्हावयाची, कारण तेथें दगडी तट असा नाहींच. मातीचे प्रचंड बांध, त्यांवर वाढलेलें गवत आणि गवतावर चरणारीं मेंढरें. असले उंचवटे आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशीं शंभर दाखवितां येतील. तरीहि आमचा शहाद्याचा वकील तेथें पोंचला म्हणजे आवाज खालीं करून बोलूं लागतो. कां ? तर तेथें उभा असलेला फलक त्याला सांगतो कीं, ह्या बांधांमागें लोहयुगांतील माणसें राहत होतीं, त्यांनीं समुद्रकांठचे गोटे गोफणीसाठीं सांठवून ठेविले होते, आणि पुढें रोमन आले. म्हणजे तो पाहतो तें गवत नव्हे. तो पाहतो ती हकीकत. हकीकत काढून घ्या, आणि मेडन कॅसलवरहि “येथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं” असेंच तो म्हणेल.

ही हकीकत कोणी मिळविली ? मॉर्टिमर व्हीलर ह्यांनीं १९३४ ते १९३७ ह्या वर्षांत उत्खनन करून. हेच व्हीलर १९४४ सालीं हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे मुख्य झाले. त्यांनीं तक्षशिलेस तरुण संशोधकांची एक शाळाच भरविली, आणि तेथें तयार झालेल्या मंडळींत बी. के. थापर हे एक होते. ह्याच थापरांनीं १९५५ सालीं आमच्या प्रकाशें गांवीं येऊन तें टेकाड खणलें. ताम्रपाषाणयुगांतील रंगीत नक्षीच्या मडक्यांपासून इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंतच्या वस्तीचे चार कालखंड त्यांना तेथें एकावर एक रचलेले आढळले. येशू ख्रिस्ताच्या जन्मापूर्वीं दीड हजार वर्षांहून अधिक काळ आधीं ह्या संगमावर माणसें मडकीं भाजीत होतीं. डॉर्सेटची ती टेकडी आणि तापीकांठचें हें टेकाड ह्यांची चिकित्सा अशी एकाच घराण्यांतील वैद्यांनीं केलेली आहे. परंतु तिकडील वृत्तांत गांवच्या शाळेंतील पोरांपर्यंत पोंचला, आणि इकडील वृत्तांत खात्याच्या इंग्रजी नियतकालिकांतून बाहेरच आला नाहीं. केदारेश्वराच्या दर्शनास येणारे हजारों यात्रेकरू संगमावर स्नान करून परत जातात. आपण हजारों वर्षांच्या उंबरठ्यावर ओले पाय ठेविले हें त्यांच्या गांवींहि नसतें. त्यांचा त्यांत दोष नाहीं. दोष आहे तो ज्यांना इंग्रजी वाचतां येत होतें आणि ज्यांनीं वाचलें नाहीं, अथवा वाचून सांगितलें नाहीं, त्या वर्गाचा.

येथें कोणी म्हणेल, “अहो, त्यांचें राज्य होतें, त्यांच्यापाशीं पैसा होता, आम्हां दरिद्री जिल्ह्यांतील लोकांस हे चोचले कसे परवडणार?” ह्या आक्षेपास उत्तर म्हणून मी जॉन हचिन्स ह्या गृहस्थाचें नांव घेतों. हा डॉर्सेटमधील वेअरहॅम गांवचा धर्मोपदेशक. त्यानें तीस वर्षांहून अधिक काळ परगण्यांतील गांवोगांवचे कागद, थडग्यांवरील लेख, कुळांच्या वंशावळी आणि शेतांचीं नांवें गोळा केलीं. १७६२ सालीं वेअरहॅमला मोठी आग लागली. त्यांत त्याचें घर गेलें, आणि त्याच्या पत्नीनें जिवावर उदार होऊन हीं बाडें तेवढीं बाहेर काढलीं असें सांगतात. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७७४ सालीं निघाला. ह्या कामास कोणत्या खात्याचें अनुदान लागलें ? शाई, कागद आणि तीस वर्षांचा चिवटपणा ! आमच्याकडील महाविद्यालयीन प्राध्यापकाचें आजचें वेतन, त्याच्या सुट्या आणि त्याच्या दाराशीं असलेली मोटार ह्यांचा हिशेब हचिन्सच्या मिळकतीशेजारीं मांडून पाहावा, म्हणजे दारिद्र्याची सबब किती टिकते तें कळेल.

उलट आमच्याकडे काय आहे ? ‘बॉम्बे गॅझेटियर’चा बारावा खंड, खानदेशाचा, १८८० सालीं निघाला. तो राज्यकर्त्यांनीं सारा, जमाबंदी आणि बंदोबस्त डोळ्यांसमोर ठेवून सिद्ध केला. तो उत्कृष्ट आहे, ह्यांत वाद नाहीं. पण दीडशें वर्षें होत आलीं तरी आमच्या माहितीपुस्तिका त्यांतलीच वाक्यें उसनीं घेतात, तींहि अर्धवट समजून. पश्चिम खानदेशाचा धुळें जिल्हा झाला, १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. नांवें बदललीं, कचेऱ्या वाढल्या, पण भूतकाळ मात्र आम्ही अजून इंग्रज कलेक्टराकडूनच भाड्यानें घेतों. ह्याच पश्चिम खानदेशांत, धुळ्यास, इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १९२६ च्या अखेरीस देह ठेविला. गांवोगांव पायीं फिरून दप्तरें धुंडाळणाऱ्या त्या विक्षिप्त महापुरुषाच्या नांवानें तेथें संशोधन मंडळ लगोलग उभें राहिलें, त्यास आमचें शतशः वंदन असो. पण एका मंडळाच्या इमारतीवर साऱ्या खानदेशाच्या स्मृतीचा भार टाकून आपण मोकळें व्हावें, हा न्याय नव्हे.

“पाहण्यासारखें कांहीं नाहीं” हें ज्यांना आढळलें नाहीं असे कांहीं प्रवासी येथें सांगितले पाहिजेत. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादहून खंबायतेस जातांना नंदुरबारला थांबला. तेथल्या मराठ्यांच्या कारागिरीची, वैद्यांची आणि ज्योतिषांची त्यानें नोंद केली. ते भात, भाज्या आणि तिळाचें तेल खातात आणि जेवणापूर्वीं अंग धुण्याविषयीं किती काटेकोर असतात, हेंहि त्यानें लिहून ठेविलें. १६१५ सालीं इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला तो नंदुरबारवरून. त्याच शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये ह्याला नवापूरच्या तांदळाचें इतकें कौतुक वाटलें कीं, त्याचा बारीक दाणा आणि शिजल्यावर येणारा कस्तुरीसारखा वास ह्यांचें त्यानें वर्णन केलें आहे. मोरोक्को, इंग्लंड आणि फ्रान्स ह्या तीन देशांच्या माणसांना जेथें लिहिण्यासारखें सांपडलें तेथें त्याच मातीवर जन्मलेल्या पदवीधराला कांहींच दिसत नसेल, तर मातीची तपासणी करण्याचें कारण नाहीं, चष्मा तपासावा.

दुसऱ्या बाजूनें एक नवीन संकट येत आहे, आणि तें पहिल्याहून कमी घातक आहे असें मला वाटत नाहीं. तें म्हणजे ‘पर्यटनविकास’. नाक मुरडणारा निदान वास्तूला हात लावीत नाहीं; हा विकास मात्र रंगाचा डबा घेऊनच येतो. प्रकाशें म्हणजे ‘दक्षिण काशी’, तोरणमाळ म्हणजे ‘थंड हवेचें ठिकाण’, सारंगखेडें म्हणजे घोडे: झाली जिल्ह्याची ओळख ! तोरणमाळावर गोरक्षनाथाचें स्थान आहे, मच्छिंद्रनाथाची गुंफा आहे, महाशिवरात्रीस डोंगरदऱ्यांतून माणसें अनवाणी चढून येतात. तेथें नाथपंथ कोणत्या वाटेनें आला, त्याचें डोंगरांतील लोकांशीं नातें कसें जडलें, हे प्रश्न सोडून तेथें गारवा किती अंशांचा आहे हें सांगत बसणें म्हणजे पंढरीस जाऊन चंद्रभागेच्या पाण्याचें उष्णमान लिहून आणण्यासारखें आहे. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार भरतो. कोणत्या मुलखांतून कोणत्या मार्गानें हीं जनावरें येत, कोण घेत असे, सुरत-बऱ्हाणपूरच्या जुन्या व्यापारी रस्त्याशीं ह्या बाजाराचा काय संबंध, ह्याचा शोध घेणें बाजूस राहून घोड्याशेजारीं उभें राहून स्वतःचें छायाचित्र कोठून चांगलें येईल त्याची जागा मात्र आंखून दिली जाते.

आमच्या निकालामागें आणखी एक कल्पना दडलेली आहे. ‘ऐतिहासिक’ म्हणजे किल्ला, आणि किल्ला म्हणजे मराठेशाहीचा, असें आम्ही धरून चाललों आहों. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें ह्याचा मलाहि अभिमान आहे. त्यांत आमच्या जिल्ह्यांतील एकहि नाहीं, आणि असण्याचें कारणहि नाहीं. पण म्हणून आमचा जिल्हा इतिहासाविना पोरका ठरतो काय ? ह्या बाबतींत डॉर्सेटकडून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. त्या परगण्यांतील टॉलपडल गांवीं एक जुनें झाड आहे. त्याच्या सावलींत सहा शेतमजूर एकत्र जमत. मजुरी कमी होऊं नये म्हणून त्यांनीं संघ काढला, आणि शपथ घेतल्याच्या गुन्ह्यावरून १८३४ सालीं त्यांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियास पाठविण्यांत आलें. देशभर ओरड झाल्यावर १८३६ मध्यें त्यांना माफी मिळाली. आज तें झाड, तें गांव आणि तेथलें लहानसें संग्रहालय पाहावयास लोक दुरून जातात. आतां शहादें तालुक्याकडे वळा. येथें आदिवासी शेतमजुरांच्या जमिनीसाठीं आणि मजुरीसाठीं अंबरसिंग महाराज उभे राहिले, १९७२ सालीं श्रमिक संघटना स्थापन झाली, आणि त्या चळवळीची चर्चा देशाबाहेरच्या अभ्यासकांनींहि केली. त्याच्याहि आधीं, १९३७-३८ च्या सुमारास, तळोदें तालुक्यांतील मोरवडच्या गुलाम महाराजांनीं आरतीच्या रूपानें हजारों आदिवासींस दारूपासून परावृत्त केलें. ह्यांपैकीं कोणत्या झाडाखालीं, कोणत्या ओट्यावर काय घडलें हें दाखवावयास आमचा सुशिक्षित गृहस्थ पाहुण्यास घेऊन जातो काय ? टॉलपडलचें झाड मात्र तो मोबाइलवर दाखवितो ! जखमा अजून ओल्या आहेत, जमीनमालकांचे आणि मजुरांचे नातू एकाच बाजारांत भेटतात, हें मी जाणतों. डॉर्सेटमध्येंहि त्या मजुरांना धाडणाऱ्यांचे वंशज होतेच. इतिहास गैरसोयीचा असला म्हणून तो इतिहास नाहीं असें होत नाहीं.

डोंगरांतील परंपरेविषयीं आमच्या मनांत जी अढी आहे ती तर अधिकच चमत्कारिक. याहामोगी आणि राजा पांठा ह्यांच्या कथा, अक्कलकुव्याच्या डोंगरांतील डाब ह्या मूळ स्थानाची स्मृति, काठी संस्थानची पहांटे पेटणारी होळी आणि तिच्याभोंवतीं अंगास राख फासून, कमरेला भोपळे व घुंगरूं बांधून, मोरपिसांचे टोप घालून नाचणारीं माणसें, हें सर्व आमच्या मतें ‘लोककला’. म्हणजे नाचून दाखविण्याची वस्तु, वाचून समजण्याची नव्हे. “त्यांच्यापाशीं सनावळ्या कोठें आहेत ?” असें विचारतात. डॉर्सेटमध्यें सर्न ॲबस गांवीं टेकडीच्या उतारावर खडूच्या रेघांनीं काढलेली एक सुमारें ५५ मीटर उंचीची पुरुषाकृति आहे. तिचें सविस्तर वर्णन कुटुंबांतून वाचल्या जाणाऱ्या मासिकांत करणें प्रशस्त नाहीं. ती कोणी काढली, केव्हां काढली, हें कोणास निश्चित सांगतां येत नव्हतें. कोणी तिला हर्क्युलीस म्हणे, कोणी क्रॉमवेलची टवाळी समजे. असें असूनहि १९२० सालीं ती नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या स्वाधीन झाली, तिच्या रेघांत नवा खडू भरला जाऊं लागला, आणि १०० वर्षें सांभाळल्यावर मग २०२१ मध्यें मातीच्या परीक्षेवरून ती इसवी सन ७०० ते ११०० च्या दरम्यानची असल्याचें निष्पन्न झालें. आधीं जतन, मग सनावळी, असा तो क्रम आहे. आम्ही सनावळी आधीं मागतों, आणि ती मिळेपर्यंत मूळ वस्तु नाहींशी होते.

नाहींशी होते हें मी अलंकारानें म्हणत नाहीं. तापीवरील उकाई धरणाच्या पाण्याखालीं जमिनी गेल्या. सरदार सरोवरामुळें अक्राणी आणि अक्कलकुवा ह्या तालुक्यांतील नर्मदाकांठचीं ३३ गांवें बाधित झालीं, त्यांत १९९३ सालीं मणिबेलीवर प्रथम पाणी आलें. त्या गांवांबरोबर देवांचीं ठाणीं, पूर्वजांचे दगड, पाड्यांचीं व वाटांचीं नांवें गेलीं. धरण असावें कीं नसावें हा वाद येथें उकरण्याचें प्रयोजन नाहीं. आंदोलनाच्या निमित्तानें कांहीं गोष्टी लिहिल्या गेल्या हेंहि मान्य. परंतु जिल्ह्याच्या इतिहासांतील एक प्रकरण म्हणून त्या गांवांची गणना आमचा सुशिक्षित वर्ग करीत नाहीं. डॉर्सेटमध्यें टाइनम नांवाचें एक खेडें १९४३ च्या डिसेंबरांत सैन्याच्या सरावासाठीं रिकामें करण्यांत आलें. लोकांना परत येऊं देऊं असें सांगितलें होतें. तें वचन पाळलें गेलें नाहीं. आज त्या उजाड गांवची शाळा नीटनेटकी करून ठेविली आहे, आणि कोट अडकविण्याच्या खुंट्यांवर मुलांचीं नांवें आहेत. गोळीबार नसेल त्या दिवशीं लोक तेथें जाऊन तीं नांवें वाचतात. मणिबेलीच्या मुलांचीं नांवें वाचावयास जावें तर कोठें जावें ?

आमच्याकडे एकहि स्थान असें बोलकें झालेलें नाहीं असें मात्र नाहीं. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारच्या चौकांत तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे साथी लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्यामदास गोळीबारांत पडले. शिरीषकुमार सोळा वर्षांचाहि पुरा नव्हता. जागा म्हणून पाहिली तर ती बाजारांतील एक साधी जागा आहे. पण तेथें पाय थबकतो, कारण नंदुरबारच्या शिक्षकांनीं ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली आहे. जें एका चौकासाठीं झालें तें प्रकाशाच्या टेकाडासाठीं, गोमाईकांठच्या लेण्यांसाठीं, काठीच्या होळीसाठीं आणि मोरवडसाठीं होऊं नये असा कांहीं ईश्वरी संकेत नाहीं.

महाविद्यालयांतून हल्लीं विद्यार्थ्यांना ‘प्रकल्प’ करावे लागतात. ते कसे होतात हें सर्वांना ठाऊक आहे: इंटरनेटवरून उतरवून, सुंदर मुखपृष्ठ लावून. त्याऐवजीं प्रत्येकाला एक गांव द्यावें. इंग्लंडांत गांवांच्या नांवांचा अभ्यास करणारी संस्था १९२३ पासून परगण्यामागून परगणा पालथा घालीत आहे, शेताशेतांचीं नांवें लिहून घेत आहे. येथें म्हसावदचेंच पाहा. ह्या नांवाचीं दोन गांवें खानदेशांत आहेत, एक आमचें आणि दुसरें जळगांव जिल्ह्यांतील रेल्वे स्टेशनचें. परंतु हें नांव कशावरून पडलें, त्यांतील ‘वद’ म्हणजे काय, असा प्रश्न म्हसावदच्या एखाद्या पदवीधरानें केल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. तोरणमाळास जाणारा रस्ता म्हसावदवरून जातो. मोटारी होण्यापूर्वीं लोक कोणत्या वाटेनें चढत, बैल कोठें सोडीत, पाणी कोठें पीत ? सपाटीवरचे गुजर-पाटील येथें केव्हां आले, कोठून आले, आणि त्यांच्या आधीं ही काळी जमीन कोण कसत होतें ? डोंगरांतून उतरणारे पावरा आणि भिल्ल काय आणीत आणि मोबदल्यांत काय नेत ? ज्यांना १९७२ चा दुष्काळ आणि त्याच सालची चळवळ प्रौढपणीं पाहिल्याचें आठवतें तीं माणसें आतां सत्तरी-ऐंशीच्या पुढें गेलीं आहेत, आणि त्यांतलीं बरींच लिहितां येत नसलेलीं आहेत. पावरी बोलींत ह्या वाटेवरील प्रत्येक नाल्याला आणि टेकडीला आपापलें नांव आहे. सरकारी नकाशावर त्यांतलीं थोडींच उतरलीं आहेत. उरलेलीं उतरवून घेण्यास एक वही, एक पेन्सिल आणि बाजारास आलेल्या एखाद्या म्हाताऱ्याबरोबर डोंगरापर्यंत पायीं परत जाण्याची तयारी, एवढें साहित्य पुरतें.